पूर्ण रेस दिली की ब्रश कटर बंद का पडतो?

जून-जुलैत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या दुकानांत ब्रश कटर दिसू लागतात. भांगलणीला माणसे मिळत नाहीत, उसाच्या बांधावर गाजर गवत कमरेएवढे झालेले असते, द्राक्षबागेत दोन ओळींमधली हराळी आणि लव्हाळा आटोक्यात आणायचा असतो, आणि नेमके त्याच वेळी मशीन दगा देते. तक्रार बहुतेकांची सारखीच. दोरी ओढली की चालू होते, कमी रेसवर बिनतक्रार चालते, पण पूर्ण रेस देऊन गवताला लावले की आवाज दबतो आणि इंजिन बंद पडते. थोडे थांबून दोरी ओढली की पुन्हा चालू, पुन्हा तेच.

या तक्रारीवर दोन उपाय सर्रास केले जातात: कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवणे किंवा नवा कार्बोरेटर बसवणे. पहिल्याने मूळ दोष झाकला जातो, दुसऱ्याने पैसे जातात. खरा दोष बऱ्याचदा टाकीतल्या छोट्या फिल्टरमध्ये, टाकीच्या झाकणात किंवा सायलेन्सरच्या जाळीत असतो. तो शोधायला महागडी हत्यारे लागत नाहीत. इंजिन चालते कसे हे समजून घेऊन एका क्रमाने तपासत गेले की पुरते.

प्रियाचे इंजिन आणि ब्रश कटरचे इंजिन

टू-स्ट्रोक इंजिन या भागाला नवे नाही. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. प्रिया, लुना, एम-८० या गाड्यांवर एक पिढी वाढली. पेट्रोलमध्ये ऑइल घालून घेणे, प्लग काढून रंग पाहणे, सायलेन्सरमधला कार्बन साफ करणे ही कामे तेव्हाच्या गाडीवाल्याच्या अंगवळणी पडलेली होती. ती जाण ब्रश कटरला आजही उपयोगी पडते.

एका बाबतीत मात्र ही दोन यंत्रे अगदी वेगळी आहेत. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. गाडी उभी असते म्हणून ही रचना चालते. ब्रश कटर बांधाच्या उतारावर तिरका होतो, झुडपात आडवा होतो. तिथे फ्लोट काम करणार नाही. म्हणून अशा बहुतेक यंत्रांत पातळ पडद्यांवर, म्हणजे डायफ्रामवर चालणारा कार्बोरेटर असतो. पूर्ण रेसवर बंद पडण्याच्या अनेक तक्रारी या पडद्यांपाशी येऊन पोहोचतात.

क्रँककेस हाच पंप

इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास जी रचना विकसित केली, तिच्याच तत्त्वावर आजचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन चालते. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते आणि जळालेला वायू बाहेर पडतो. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. वेगळे व्हॉल्व्ह नाहीत, वेगळी ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण पुरवते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी तपासणी त्यांवर उभी आहे. पहिली, क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होतो आणि हाच धक्का एका बारीक छिद्रातून कार्बोरेटरच्या पंपाचा पडदा हलवतो. टाकीतले पेट्रोल त्यामुळे वर येते. दुसरी, इंजिनाला पेट्रोल कमी मिळाले की वंगणही कमी मिळते.

कमी रेसवर दोष का दिसत नाही?

ब्रश कटर मंद गतीवर मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेतो. पूर्ण रेसवर हा आकडा सात ते नऊ हजारांवर जातो. आठ हजार धरले तरी सेकंदाला सव्वाशेहून अधिक स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटात मंद गतीपेक्षा कितीतरी जास्त मिश्रण लागते. बाजारात मिळणाऱ्या ४३ किंवा ५२ सीसीच्या यंत्राला गवतात जोराने चालताना तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागते. मंद गतीवर त्याचा छोटासा अंश पुरतो.

सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला आपला दम कमी झाल्याचे कळत नाही, ते यवतेश्वरचा घाट चढताना कळते. इंजिनाचेही तसेच आहे. अर्धवट तुंबलेला फिल्टर मंद गतीपुरते पेट्रोल सोडतो, पूर्ण रेसची गरज भागवू शकत नाही. शिवाय कार्बोरेटरमध्ये मंद गतीची आणि पूर्ण रेसची छिद्रे वेगवेगळी असतात. मुख्य जेट कचऱ्याने बुजला तरी मंद गतीचे छिद्र आपले काम चोख करत राहते.

म्हणून पूर्ण रेसवर बंद पडणाऱ्या यंत्राला तीन प्रश्न विचारायचे: पेट्रोल पुरेसे येते का, हवा पुरेशी येते का, आणि जळालेला वायू मोकळा बाहेर जातो का?

पहिली कसोटी: अर्धा चोक

यंत्र दोन-तीन मिनिटे तापू द्या. मग पाते जमिनीपासून दूर ठेवून रेस वाढवा आणि आवाज दबू लागताच चोक अर्धा लावून पाहा. चोकमुळे हवा कमी होते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढते.

चोक लावल्यावर इंजिन सावरले, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. चोक लावल्यावर ते आणखी दबले, काळसर धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे, हवेची वाट तुंबली आहे किंवा सायलेन्सर बुजला आहे.

प्लगही हेच सांगतो. पूर्ण रेसवर बंद पडल्यावर, थंड झाल्यावर प्लग काढा. तपकिरी रंग ठीक. पांढरट, कोरडा प्लग पेट्रोल कमी असल्याचे दाखवतो. काळा आणि ओलसर प्लग मिश्रण दाट असल्याचे दाखवतो.

ही कसोटी पाच मिनिटांत होते आणि पुढचे निम्मे काम वाचवते.

पेट्रोलची वाट: झाकणापासून कार्बोरेटरपर्यंत

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा टाकीवर हवेचा बारीक व्हॉल्व्ह असतो. तो धुळीने आणि ऑइलने चिकटला की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल ओढले जाईनासे होते. असे यंत्र काही मिनिटे नीट चालून मग बंद पडते. तपासणी सोपी आहे: बंद पडताच झाकण उघडा. सूं असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि लगेच यंत्र नीट चालले, तर दोष सापडला.

दुसरी जागा टाकीतला फिल्टर. पाइपच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो यंत्र कसेही धरले तरी तळाशी लोळत राहतो. वाकवलेल्या तारेने तो बाहेर काढता येतो. काळा, कडक किंवा चिकट झाला असेल तर धुण्यापेक्षा बदलावा. हा भाग स्वस्त असतो.

तिसरी जागा पाइप. टाकीतून बाहेर येतो तिथे आणि कार्बोरेटरला बसतो तिथे तो वाकवून पाहा. बारीक चिरेतून पेट्रोल गळताना दिसेलच असे नाही, पण पंप ओढू लागला की त्या चिरेतून हवा आत जाते. कडक झालेला पाइप पूर्णच बदलावा.

कृष्णाकाठचे इथेनॉल

पाइप आणि पडदे लवकर का खराब होतात, याचे एक कारण आपल्याच उसात आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांतून इथेनॉल तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठेवले होते, ते अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये तो टप्पा गाठला. ऊस उत्पादकासाठी ही महत्त्वाची बाजारपेठ आहे. त्याच शेतकऱ्याच्या ब्रश कटरला मात्र या पेट्रोलची वेगळी काळजी घ्यावी लागते.

कारणे तीन. एक, शुद्ध पेट्रोलचा एक किलो जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला म्हणूनच सुमारे साडेतेरा किलो हवा पुरते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला जेट तेवढाच राहिला, तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. दोन, जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलने फुगते किंवा कडक होते. तीन, इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. फिल्टर तळाशीच असतो. शिवाय ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या खालच्या थरात वंगण जवळजवळ नसते.

म्हणून पावसाळ्यात महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये. शंका असेल तर ते काचेच्या पारदर्शक बाटलीत ओतून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते यंत्रात घालू नका. दर वेळी लागेल तेवढेच मिश्रण करा.

कार्बोरेटरच्या पोटात

इथपर्यंत सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडा. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण पडदा आधी की पॅकिंग आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असू शकतो आणि तो चुकला की दुरुस्ती वाया जाते.

एका बाजूला पंपाचा पडदा असतो. त्याच्या दोन छोट्या जिभा झडपांचे काम करतात. त्या वळल्या किंवा कडक झाल्या की पंप पूर्ण रेसपुरते पेट्रोल ओढू शकत नाही. त्याच बाजूला आत एक अगदी बारीक गोल जाळी असते. फिल्टरमधून निसटलेला कचरा इथे अडकतो. सुईने ती अलगद उचलून स्वच्छ करता येते.

दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा पडदा असतो. इंजिन पेट्रोल ओढते तेव्हा हा पडदा आत येतो, छोट्या लिव्हरला दाबतो, सुई उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. पडदा मऊ असला पाहिजे. बोटाने हलवल्यावर कागदासारखा करकरला तर तो गेला. लिव्हर ठरलेल्या पातळीपेक्षा थोडी जरी खाली असली तरी सुई पुरेशी उघडत नाही. या पडद्यावरच्या झाकणाला हवेचे एक छिद्र असते, तेही मोकळे हवे.

मुख्य जेटमध्ये तार घालू नका. पितळी छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो, मात्र पडदे काढल्यावरच हवा मारा. पडदे, सुई आणि पॅकिंगचा संच बाजारात स्वतंत्र मिळतो. कार्बोरेटरची बॉडी चांगली असेल तर पूर्ण नवा घेण्याची गरज नसते.

‘एच’ खुणेचा स्क्रू शेवटी. काही यंत्रांना तो असतो, काहींना नसतो. फिरवण्याआधी किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. पूर्ण रेसवर इंजिन किंचित जड, अडखळल्यासारखे वाजेल इतपत पेट्रोल ठेवावे. गवतात भार आला की आवाज स्वच्छ होतो. कानठळ्या बसवणारा चिरका आवाज ताकदीची खूण नाही, तो पातळ मिश्रणाचा इशारा आहे.

हवा आणि धूर

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि धूळ भरपूर. तिथे एअर फिल्टर हा पहिला संशयित. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, उत्पादकाने सांगितले असेल तर थोडे ऑइल लावून बसवावा. फिल्टर काढून यंत्र चालवू नये. बारीक माती पिस्टनला घासून दाब कमी करते आणि तो दोष स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही.

धुराची वाट तितकीच महत्त्वाची. ऑइल जास्त घातले, किंवा तासन्तास अर्ध्या रेसवर चालवले, की सायलेन्सरच्या तोंडाच्या जाळीवर आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवर कार्बन साचतो. इंजिन चालू होते, पण वाढत नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करा. पोर्ट खरवडायचा असेल तर पिस्टन वर आणून तो पूर्ण झाकला गेल्यावर लाकडी काडीने खरवडा. त्याच पोर्टमधून पिस्टनची बाजूही दिसते. उभ्या ओरखड्यांच्या रेघा दिसल्या तर वंगणाअभावी पिस्टन घासला आहे.

महाबळेश्वर आणि सांगली

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. वर हवा सांगलीच्या मानाने सात-आठ टक्के विरळ असते. सांगलीत नीट लावलेले यंत्र महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरी पट्ट्यात दाट मिश्रणावर चालते, ताकद कमी वाटते. तिथे स्क्रू आवळून बसवलेले यंत्र तसेच खाली आणले तर मिश्रण पातळ होते आणि पूर्ण रेसवर बंद पडते. दोष यंत्रात नसतो, समायोजनात असतो. जुने यंत्र विकत घेताना ते कुठल्या भागात वापरले गेले हे विचारून घ्यावे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाटण आणि जावळीच्या पश्चिम भागातही ओलावा महिनोन्महिने टिकतो. तिकडे टाकीतले पाणी आणि ओला एअर फिल्टर आधी पाहावा.

वीज, भार आणि गळती

यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालून एकदम, स्विच बंद केल्यासारखे, थांबते आणि थंड झाल्यावरच चालू होते, तेव्हा इग्निशन कॉइल तापून निकामी होत असण्याची शक्यता असते. बंद पडताच ठिणगी तपासावी. पेट्रोल सांडलेले नसेल अशा जागी, प्लग टाकीपासून दूर ठेवून. आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही: हँडलमध्ये रेसच्या केबलसोबत स्विचची वायर असते. तिचे आवरण घासले गेले असेल तर रेस पूर्ण ओढताना ती धातूला टेकते आणि इंजिन बंद होते.

भारही पाहा. नायलॉन दोरीच्या ट्रिमरची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्षात आणली. गार्डवरचे छोटे पाते जास्तीची दोरी कापून टाकते. आपल्याकडे अनेक जण गार्डच काढून ठेवतात. मग दोरी लांब राहते, भार वाढतो, इंजिन पूर्ण वेग गाठत नाही आणि क्लच तापतो. गार्ड नसल्याने उडालेला खडा डोळ्यावर येतो, तो धोका वेगळाच. पात्याच्या मुळाशी गुंडाळलेले गवत आणि वाळलेले ग्रीस हीही भाराची कारणे आहेत.

हे सगळे तपासूनही अर्ध्या चोकवरच यंत्र सावरत असेल, रेस सोडल्यावर गती लगेच खाली येत नसेल, तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधले पॅकिंग किंवा क्रँकचे ऑइल सील गळत असणार. क्रँककेस हाच पंप असल्याने तिथली गळती मिश्रण पातळ करते आणि पंपाचा धक्काही कमजोर करते. हे काम दाब तपासण्याची सोय असलेल्या अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

बंद पडणे हा इशारा आहे

ऑइलचे माप डोळ्यांनी ठरवू नका. ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. यंत्राच्या पुस्तिकेतले प्रमाण अंतिम. एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठीचे चांगल्या दर्जाचे टूटी ऑइल घ्या आणि ते टाकीत थेट न घालता वेगळ्या कॅनमध्ये मिसळा. जास्त ऑइलने इंजिन जास्त जपले जाते हा समज चुकीचा आहे. त्याने कार्बन वाढतो आणि त्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा घटतो. फोर-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये मात्र ऑइल अजिबात घालू नये.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, उरलेले पेट्रोल संपून यंत्र आपोआप थांबेपर्यंत मंद गतीवर चालवा आणि सायलेन्सरचे तोंड फडक्याने झाका, म्हणजे कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करणार नाही.

पूर्ण रेसवर दबणारे यंत्र चोक लावून, रेस दाबून तसेच रेटत काम उरकू नका. पातळ मिश्रणात वंगण कमी असते, तापमान वाढते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. मग काही रुपयांच्या फिल्टरऐवजी पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च अंगावर येतो. यंत्र दबले की थांबा, आणि झाकण, फिल्टर, पाइप, एअर फिल्टर, सायलेन्सरची जाळी, मग कार्बोरेटर, याच क्रमाने तपासा. पहिल्या पाच जागा कोणत्याही शेतकऱ्याला घरच्या अंगणात पाहता येतात. त्या पाहिल्याशिवाय नवा कार्बोरेटर विकत घेऊ नका.